जुन्या युद्धनौका पाहताना



सहलीला गेल्यावर तुम्ही किल्ले पाहता, लेणी पाहता, संग्रहालयातील नाणी आणि तलवारी पाहता. पण एखादी जुनी युद्धनौका तुम्ही आतून पाहिली आहे का? पाहिली असेल, तर ती कशी पाहिली, हेही जरा आठवून पाहा. बहुतेक मुले काय करतात? धावत जाऊन तोफेजवळ उभी राहतात, फोटो काढतात, लोखंडी शिडीवरून दोनदा वर-खाली करतात आणि बाहेर येऊन भेळेच्या गाडीकडे वळतात. घरी आल्यावर आईने विचारले, "काय पाहिलेस?" तर उत्तर मिळते, "मोठे जहाज होते. खूप मजा आली."

मजा यायलाच हवी. मजा येऊ नये, असे कोण म्हणेल? पण माझे मत असे आहे, की जुनी युद्धनौका म्हणजे केवळ मजेची जागा नव्हे. ती एक साक्षीदार आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारले, तरच तो बोलतो. आणि साक्षीदार नाहीसा झाला, तर नंतर कितीही हळहळ केली तरी तो परत येत नाही. म्हणून अशा नौका नीट पाहायला आपण शिकले पाहिजे आणि त्यांतील निदान काही नौका जपल्या पाहिजेत. हे मी का म्हणतो, ते पुढे सांगतो. वाचून झाल्यावर माझे म्हणणे तुम्हाला पटते का, ते तुम्हीच ठरवा.

प्रथम आपण शब्दांकडे पाहू. जहाज, तोफ, खलाशी हे शब्द मराठीत आहेत आणि तुमच्या उर्दूतही आहेत. 'दर्या' हा शब्दही दोन्हीकडे आहे. मात्र उर्दूत दर्या म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र! समुद्रावर माणसे एकत्र काम करतात, तेव्हा त्यांच्या भाषाही एकमेकींत मिसळतात. म्हणून जहाजाचा इतिहास हा कोणा एकाचा इतिहास नसतो. तो अनेकांचा असतो.

आता आपण विशाखापट्टणमला जाऊ. हे आंध्र प्रदेशातील मोठे बंदर आहे. तेथील रामकृष्ण बीचवर, अगदी वाळूच्या काठाला, 'कुरसुरा' नावाची एक पाणबुडी उभी आहे. ती सोव्हिएत संघात बांधलेली असून १९६९ साली आपल्या नौदलात दाखल झाली. एकतीस वर्षे सेवा करून २००१ साली ती निवृत्त झाली. नंतर तिला समुद्रातून ओढून किनाऱ्यावर आणण्यात आले आणि २००२ साली तिचे संग्रहालय झाले.

कुरसुराची लांबी सुमारे ९१ मीटर आहे. बाहेरून ती खूप मोठी वाटते. पण आत पाऊल टाकताच छाती दडपते. दोन्ही बाजूंना नळ, चाके, तारा आणि घड्याळासारखी यंत्रे आहेत. मधून एका माणसाला जाता येईल एवढीच वाट आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला गोल भोक आहे. त्यातून वाकून, एक पाय आधी टाकून जावे लागते. झोपण्याच्या फळ्या इतक्या अरुंद आहेत, की कूस बदलायचीही पंचाईत. या एवढ्याशा जागेत सुमारे ७५ माणसे राहत असत. खिडकी नाही, ऊन नाही, गोडे पाणी मोजून मिळायचे. पाण्याखाली असताना पाणबुडी बॅटरीवर चालते. बॅटरी भरण्यासाठी डिझेलचे इंजिन लावावे लागते आणि त्या इंजिनाला हवा लागते. म्हणून पाणबुडीला पुन्हा पुन्हा वर यावे लागे. वर येताना शत्रूने पाहिले, तर? प्रत्येक वेळी हा प्रश्न त्या माणसांच्या मनात येत असेल.

कुरसुरावर माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसे असतात. पाणबुडीची सहा तोंडे पुढे आणि चार मागे असत, त्यांतून टॉर्पेडो सोडत, हे पाटीवर वाचता येते. पण आत किती उकडत असे, घरची पत्रे किती दिवसांनी मिळत, हे पाटीवर नसते. ते ज्याने अनुभवले, त्यालाच विचारावे लागते. म्हणून सांगतो, तोफेजवळ दहा मिनिटे घालवण्यापेक्षा अशा एका माणसाजवळ दहा मिनिटे उभे राहा.

कोणी म्हणेल, "युद्धाच्या वस्तू मुलांना कशाला दाखवायच्या? त्यामुळे मुलांना युद्ध आवडू लागेल." ही शंका चुकीची नाही. काही ठिकाणी फक्त विजयाचे ढोल वाजवले जातात. पण नीट पाहिले, तर युद्धनौका याच्या उलटच शिकवते. याचे एक उदाहरण देतो.

इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ या बंदरात 'व्हिक्टरी' नावाची लाकडी युद्धनौका आहे. ती १७६५ साली पाण्यात उतरली. १८०५ साली ट्रॅफलगरची मोठी लढाई झाली, तेव्हा ती इंग्रज आरमाराची मुख्य नौका होती. तिच्यावर १०४ तोफा आणि सुमारे ८२० माणसे होती. सेनापती नेल्सनला ज्या जागी गोळी लागली, तेथे डेकवर पितळेची पट्टी बसवलेली आहे. लोक ती पट्टी पाहायला गर्दी करतात. पण मला वाटते, पाहण्याची खरी जागा खाली आहे. तोफांच्या मजल्यावर जा. छत इतके खाली, की उंच माणसाला मान वाकवून चालावे लागते. खलाशी तोफांच्या मध्येच झोळ्या बांधून झोपत. त्याहून खाली, जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही, तेथे जखमी माणसांना आणत. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. डॉक्टर कंदिलाच्या उजेडात माणसांचे हातपाय कापत. आणि या नौकेवर बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. म्हणजे तुमच्याच वयाची! त्या एका दिवसात व्हिक्टरीवरची ५० हून अधिक माणसे मेली. त्या अंधाऱ्या मजल्यावर एकदा उभे राहिले, की युद्ध म्हणजे खेळ, असे वाटणे अवघड होते.

आता आपण आपल्याच देशाच्या किनाऱ्याकडे येऊ. गुजरातजवळच्या दीवच्या समुद्रात ९ डिसेंबर १९७१ रोजी 'खुखरी' ही आपली युद्धनौका बुडाली. 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडले होते. खुखरीवरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मरण पावले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपली नौका सोडली नाही. ते तिच्याबरोबरच समुद्रात गेले. दीवला समुद्राकडे तोंड करून खुखरीचे स्मारक उभे आहे. पुढे त्याच नावाची दुसरी युद्धनौका मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. तीही २०२१ साली निवृत्त झाली. तिला दीवला आणण्यात आले आणि लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले.

आणि हंगोर? ती कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. विचार करा. एकच घटना, पण तिची दोन संग्रहालये. एका ठिकाणी ती विजयाची गोष्ट आहे. दुसऱ्या ठिकाणी ती १९४ घरांच्या दुःखाची गोष्ट आहे. म्हणून कोणतेही युद्धसंग्रहालय पाहताना स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा : "येथे कोणाची गोष्ट सांगितली आहे आणि कोणाची राहून गेली आहे?" हा प्रश्न विचारणारा मुलगा आपल्या देशावर कमी प्रेम करत नसतो. तो फक्त पूर्ण पाहत असतो.

राहून गेलेल्यांची गोष्ट निघाली आहे, तर मुंबईच्या सुतारांची गोष्ट सांगतो.

इंग्लंडच्या हार्टलपूल या गावी 'ट्रिंकोमाली' नावाची एक जुनी युद्धनौका पाण्यावर तरंगत आहे. लांबून लोक तिकीट काढून ती पाहायला येतात. ही नौका कोठे बांधली, माहीत आहे? आपल्या मुंबईत! १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. तिचे मुख्य बांधणीकार होते जमशेदजी बोमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले होते आणि तेव्हापासून हे पारशी घराणे मुंबईत जहाजे बांधत होते.

इंग्रजांनी आपली नौका इतक्या दूर का बांधून घेतली? कारण मोठ्या युद्धांमुळे त्यांच्याकडे ओक लाकडाची टंचाई झाली होती. शिवाय मलबारचे सागवान ओकपेक्षा सरस ठरले होते. सागवानात तेल असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे झिजतात. सागवानात तसे होत नाही. म्हणूनच दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ट्रिंकोमालीतील मूळ सागवानाचा मोठा भाग अजून शाबूत आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत वाडियांचे नाव येते आणि ते यायलाच हवे. पण ज्या सुतारांनी ते सागवान तासले, ज्या लोहारांनी खिळे ठोकले, ज्यांनी दोर वळले, त्यांची नावे सहसा कोठे वाचायला मिळत नाहीत. त्यांचे काम मात्र हार्टलपूलला हात लावून पाहता येते. नौका जपली नसती, तर त्या माणसांची ही एवढी खूणही उरली नसती. जुनी नौका का जपावी, याचे याहून चांगले कारण मला सांगता येणार नाही.

या नौकेची आणखी एक गंमत आहे. तिचे नकाशे १८१२ साली 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले होते. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने जावाचा नाश केला आणि नकाशे गेले. मग दुसरे नकाशे पाठवावे लागले. ती कॉन्स्टिट्यूशनही आज बोस्टन बंदरात जपलेली आहे. १७९७ साली पाण्यात उतरलेली ही लाकडी नौका अजून तरंगते आहे. १९२० नंतरच्या काळात ती फार मोडकळीला आली होती. तिच्या दुरुस्तीसाठी १९२५ साली वर्गणी सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतील शाळकरी मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून एकेक पेनी दिली. पेनी म्हणजे अगदी लहान नाणे. पण मुले पुष्कळ होती. मोठ्यांना जाग आणायला मुलांची नाणी पुरेशी झाली.

आता एका दुःखाच्या गोष्टीकडे वळतो. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९६१ साली सेवेत आली. ती २०० मीटरांहून लांब होती. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. तिचा वेग कमी झाला होता. तरीही ती बंगालच्या उपसागरात गेली. तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजार येथील तळांवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे ती मुंबईला संग्रहालय म्हणून ठेवली होती. पण २०१२ साली ती लोकांसाठी धोक्याची झाली म्हणून बंद करण्यात आली. मग सुमारे ६० कोटी रुपयांना ती विकली गेली. तिला वाचवावे, म्हणून काही नागरिक न्यायालयात गेले. उपयोग झाला नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या दारूखाना भागात ती तोडायला सुरुवात झाली. तिचे काही पोलाद मोटारसायकली बनवायला वापरले गेले. २०१६ साली नौदल गोदीजवळ तिचे छोटे स्मारक उभे राहिले. २०२० साली 'विराट' ही दुसरी विमानवाहू नौकाही तोडण्यासाठी अलंगला गेली.

ज्या शहरातील सुतारांनी बांधलेली नौका परक्या देशाने दोनशे वर्षे जपली, त्या शहरात विक्रांत टिकली नाही. हे वाचून वाईट वाटते ना? मलाही वाटते. पण केवळ रागावून उपयोग नाही. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे.

नौका जपणे फार खर्चाचे असते. खाऱ्या पाण्यात पोलाद रोज थोडे थोडे गंजते. वरचेवर रंग द्यावा लागतो. काही वर्षांनी नौका कोरड्या गोदीत नेऊन तिचा तळ दुरुस्त करावा लागतो. व्हिक्टरी तर १९२२ पासून कोरड्या गोदीतच आहे, तरीही २०२२ साली सुरू झालेली तिची मोठी दुरुस्ती अनेक वर्षे चालणार आहे. "एवढ्या पैशांत शाळा आणि दवाखाने बांधता येतील," असे कोणी म्हटले, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. शिवाय जुने जहाज तोडल्यावर त्याचे पोलाद पुन्हा कामाला येते आणि तोडणाऱ्या मजुरांना रोजगार मिळतो. प्रत्येक नौका जपणे कोणत्याच देशाला शक्य नाही.

मग करावे काय? माझ्या मते, सगळ्या नौका जपू नयेत. थोड्याच निवडाव्यात, पण त्या नीट जपाव्यात. नौका निवृत्त होण्याआधीच तिचे पुढे काय करायचे, ते ठरवावे. वर्षानुवर्षे विचार करत बसलो, तर गंज आपली वाट पाहत थांबत नाही. शक्य असेल तेव्हा कुरसुराप्रमाणे लहान नौका निवडून ती जमिनीवर आणून ठेवावी, म्हणजे खर्च आटोक्यात राहतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांनी ती पाहायला यावे. रिकामे संग्रहालय कोणालाही वाचवावेसे वाटत नाही. तुमचे एक तिकीट म्हणजे त्या नौकेच्या बाजूने दिलेले मत आहे, असे समजा.

आता तुम्ही काय करू शकता, ते सांगतो. विशाखापट्टणम दूर असेल, तर गोवा जवळ आहे. तेथे वास्कोजवळ बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे. 'सी हॉक' आणि 'अलिझे' ही विमाने तेथे उभी आहेत. विक्रांतच्या डेकवरून अशीच विमाने उडत असत. विक्रांत गेली, पण तिची ही आठवण तुम्ही अजून पाहू शकता. मुंबईत असाल, तर विक्रांतचे स्मारक पाहून या. ४ डिसेंबर हा नौदल दिन. त्या सुमारास कधी युद्धनौका पाहण्याची संधी मिळते. आपल्या शिक्षकांना त्याची चौकशी करायला सांगा.

जाण्याआधी वहीत पाच प्रश्न लिहून न्या. हे कोणी बांधले? येथे माणसे काय खात होती? आजारी पडल्यावर कोठे जात होती? कोण मेले? समोरच्या बाजूला कोण होते? भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरू नका. ज्यांनी ती नौका बांधली, त्यांनीही आपली नावे तिच्यावर कोरली नाहीत. मग आपण पाच मिनिटांच्या पाहुण्यांनी ती का कोरावी?

आणि एक काम तर घरबसल्या होण्यासारखे आहे. तुमच्या मोहल्ल्यात, वाडीत किंवा नात्यात कोणी गोदीत काम केलेले असेल. कोणी जहाजावर खलाशी असेल, कोणी सारंग असेल, कोणी नौदलात असेल. कोकणातील आणि मुंबईतील किती तरी घरांतून असे आजोबा, चाचा किंवा मामू निघतील. त्यांच्याजवळ बसा. त्यांना विचारा, पहिल्यांदा जहाजावर चढलात, तेव्हा काय वाटले? वादळात काय केलेत? घरची आठवण आल्यावर काय करत होता? ते जे सांगतील, ते लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जसे जमेल तसे लिहा.

जहाज जपायला कोट्यवधी रुपये लागतात. ही आठवण जपायला एक वही आणि एक संध्याकाळ पुरते. मुंबईच्या त्या सुतारांना असे कोणी विचारले असते, तर आज आपल्याला त्यांची नावे माहीत असती. तुमच्या घरातल्या माणसाच्या बाबतीत तरी तसे होऊ देऊ नका.